आधी उचला, मग तपासा

मी हार्ड डिस्क बोलतेय. हो हो, तीच, जिच्या नावानं तुम्ही बोटं मोडता! लॅपटॉप उघडायला वेळ लागला की बोलणी कुणी खायची? मी. पडद्याला कुणी काही म्हणत नाही, तो दिसायला देखणा ना. मी पडले पोटातली, चार स्क्रूंनी आवळलेली.

माझं घर म्हणजे तळहाताएवढा पत्र्याचा डबा. आत दोन चकत्या आणि त्यांना न शिवता वरून फिरणारी एक नाजूक सुई. कारखान्यात पांढरे झगे घातलेल्या बायकांनी माझं झाकण लावलं ते कायमचं. हवेसाठी पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक ठेवलं आणि शेजारी लिहिलं, ‘झाकू नका’. तेवढीच माझी खिडकी, आणि तिच्यातून दिसत काही नाही.

मी ज्या घरी आले तिथे नवरा-बायको दोघंच. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, आणि त्यांच्या बायकोला मी बाई म्हणते. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू. घरी येऊन माझ्यावर शिकाऊंच्या वेळा लिहितानासुद्धा पुटपुटत, “आरसा बघा म्हटलं की समोर बघतात! अरे, मागचं आधी बघ, मग वळव ना.” बाई आतून ओरडायच्या, “इथे कुणी शिकाऊ नाहीये, जेवायला या.”

सव्वा वर्षापूर्वीची सकाळ. मास्तर वेळा लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचा उजवा हात घसरला, ते खुर्चीतून कलंडले आणि त्यांच्याबरोबर लॅपटॉपची वायर ओढली गेली. मी तेव्हा मिनिटाला पाच हजार चारशे फेरे घेत होते. तशीच फरशीवर आदळले. सुई चकतीला घासली. त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी, माझ्या चकतीवर ओरखडा, दोघंही एकाच क्षणी आडवे. त्यांना दवाखान्यात नेलं. मला दुसऱ्या दिवशी कुणीतरी टेबलावर ठेवून बटण दाबलं. चालू झाली ना, मग काही झालं नाही, असं ठरलं.

मास्तर घरी आले ते मुके होऊन. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत पोचेना. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सराव करा आणि रोज एक व्हिडिओ काढून ठेवा. पहिल्या दिवशी बाईंनी लॅपटॉपचा कॅमेरा लावला.

“बोला बघू, आरसा बघा.”

“आ…” मास्तर म्हणाले. “आ… आ…” आणि मान फिरवून लहान मुलासारखे रडले.

ते सगळं मी लिहून घेतलं. कुठे? त्या ओरखड्याच्या अगदी कडेला. जागा धड वाटली हो मला! आयुष्यात इतकं लिहिलं, पण एवढं एक चुकीच्या जागी लिहिलं आणि अजून मनाला लागून आहे.

त्यानंतर दोनशे तेरा व्हिडिओ लिहिले. मास्तरांचं बोलणं इंचाइंचानं पुढे सरकत होतं आणि माझा ओरखडा इंचाइंचानं पसरत होता. खराब जागेवरचं काही मागितलं की मी दहादा, वीसदा तिथे फेरी मारते, यावेळी तरी वाचता येईल म्हणून. तोवर बाहेर ते गोल चक्र फिरत राहतं आणि माणसं म्हणतात, “अडकली बया!” अहो, अडकले नाही, शोधतेय! पण हे सांगणार कसं? मला तोंड नाही. हळू चालणं आणि टिक-टिक करणं, एवढंच मला बोलता येतं.

अशा वेळी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, स्वभावानं चांगले, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. त्यांनी माझं आरोग्यपत्रक उघडलं. कुठे ठिगळं लावली, किती जागा वाचता येत नाहीत, सगळं त्यात आकड्यांनी लिहिलेलं असतं. भाऊजींनी वरचा हिरवा शब्द तेवढा वाचला.

“वहिनी, तब्येत ‘चांगली’ आहे हिची! नुसती आळशी झालीय.”

न वाचता येणाऱ्या जागा त्या दिवशी बत्तीस होत्या. पुढच्या महिन्यात चौऱ्याऐंशी. आकडा किती यापेक्षा तो वाढतोय का, हे बघायचं असतं हो. पण भाऊजींनी माझ्यावरचं सगळं इकडचं तिकडे नीट लावायचं काम लावून दिलं, तेही तीनदा. पाय मुरगळलेल्या माणसाला घर आवरायला लावावं तसं. मी केलं. नाही म्हणायची सोय कुठे आहे मला?

इकडे मास्तरांनी सराव सोडला. सोडला म्हणजे बाईंनी कॅमेरा लावला की ते डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरीणबाई बाईंना म्हणाल्या, “त्यांना वाटतंय, आपल्यात काही फरक पडत नाहीये. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ आणि अलीकडचा, दोन्ही एकापाठोपाठ दाखवा. आत्ता हे सुटलं तर पुन्हा धरायला फार जड जाईल.”

बाईंनी पहिला व्हिडिओ उघडायला घेतला, तोच, ओरखड्याच्या कडेचा. मी फिरले, शोधलं, पुन्हा फिरले. टिक, टिक, टिक. पडदा गोठला. बाईंनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. दरवेळी ओरखडा थोडा खोल जात होता, आणि थांबा म्हणायला माझ्याकडे आवाज नव्हता.

भाऊजींनी निकाल दिला. “रविवारी सगळं पुसतो आणि नव्यानं भरतो. उघडतात तेवढे व्हिडिओ काढून घेऊ. सुरुवातीचे जाऊ देत, वहिनी. आहे काय त्यात? नुसतं आ आ.”

मास्तर बाजूच्याच खुर्चीत होते. त्यांच्या डाव्या हाताचा पंजा आला आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. पंजा तसाच वर दाबून ठेवलेला.

“प…” मास्तर म्हणाले. “पहि…”

“दादा, अरे, तो उघडतच नाहीये.”

“पहि… ला!”

नाक ओढल्याचा आवाज आला, तो बाईंचा की भाऊजींचा, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघं मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान चालवते ती साठीची बाई, सगळे तिला मावशी म्हणतात. तिनं आधी काहीच उघडलं नाही. लॅपटॉप चालू केला आणि त्यावर कान टेकवला. टिक, टिक. तिनं झटकन बटण बंद केलं.

“कितीदा तपासलीत हिला?”

“झालं असेल आठ-दहा वेळा,” भाऊजी पुटपुटले.

“तपासता तपासता मारलीत की! अहो, आधी उचला, मग तपासा. आतलं सामान बाहेर निघेपर्यंत हिला दुसरं काही विचारायचं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं. मावशीनं मला लॅपटॉपच्या पोटातून सोडवलं, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलं आणि धड भाग आधी उचलला, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला. दुखरी जागा शेवटी. तिथे पोचल्यावर मी जीव गोळा केला. हे एवढं वाचू दे, मग मी मेले तरी चालेल. एक फेरी, नाही. दहावी, नाही. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या फेरीला सुई लागली. दोन जागा मात्र गेल्याच.

मावशीनं व्हिडिओ लावला. चित्र अर्ध्यातच गोठलं, पण आवाज चालत राहिला. “आ… आ…” आणि मग ते रडणं. लगेच अलीकडचा लावला: “आर…सा. बघा.”

“मी?” मास्तर म्हणाले. “हा… मी?”

“तुम्हीच की हो!” बाई म्हणाल्या, आणि पुढे त्यांनाच बोलता येईना.

लॅपटॉपमध्ये आता नवी आलीय. ती फिरत नाही, टिकटिकत नाही, सगळं चुटकीसरशी देते. चांगली आहे म्हणे. असू दे. पण तिलाही कधीतरी जड होईलच. तेव्हा कुणी हळू झालं की आधी त्याच्याजवळचं सांभाळून घ्या, रागवायचं ते मागाहून. एवढं माझं मागणं आहे.

मावशीनं मला भंगाराच्या खोक्यात टाकायला घेतलं होतं. “न… नको,” म्हणून मास्तरांनी हात पुढे केला. तेव्हापासून मी त्यांच्या खणात आहे, चष्म्याच्या डबीशेजारी. वायर नाही, वीज नाही. चकत्या जागच्या जागी आणि झाकण तसंच आवळलेलं. मास्तर रोज खण उघडतात, मला डाव्या हातात घेतात, अंगठा त्या भोकावर येऊ देत नाहीत आणि माझं नाव घ्यायला बघतात. अवघड आहे हो ते. “हा…” म्हणतात. “हार्… हार्ड…”

काल ते पूर्ण आलं. “हार्ड डिस्क,” मास्तर म्हणाले, एका दमात. घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मी एकटीनं ऐकलं, आणि मला ते लिहून घेता आलं नाही.