खालच्या पंचाचा मान

कोर्टाच्या पट्टेवाल्याला, वामनरावाला, गोंडी येत होती, आणि हीच त्याच्या नोकरीतली मोठी चूक. पगार पट्टेवाल्याचा, काम दुभाष्याचं! त्या आषाढात त्याच्यासमोर पत्रू नावाचा गोंड शेतकरी उभा राहिला. सरकारी जंगलात वादळाने पडलेलं सागाचं झाड त्याने घराच्या आढ्यासाठी ओढून नेलं, म्हणून तीन महिने कैद. म्हणजे धानाची रोवणी, भाताची लावणी, बुडाली, आणि रोवणी बुडाली की वर्षच बुडालं.

न्यायाधीशसाहेब साताऱ्याकडचे, वयाने कोवळे, कायद्याने पक्के. म्हणाले, "वामनराव, याला नीट समजावा. निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत चंद्रपूरला वरच्या कोर्टात अपील करता येतं. वकील सरकार देईल. करतो म्हणाला, तर आजच जामिनावर सोडतो."

एवढंच ना, असं म्हणत वामनराव पत्रूकडे वळला. "हा निकाल चुकला, असं चंद्रपूरच्या मोठ्या पंचायतीत सांगतो म्हण, आन् घरी जाय."

पत्रूने साहेबांकडे एकदा पाहिलं. "नाई."

"काऊन?"

"साहेब संग येते का?"

वामनरावाने कपाळावर हात मारला. पत्रूच्या इलाख्यात गावचा निकाल पटला नाही तर मोठ्या पंचायतीत जातात, पण जाताना गावच्या पंचाला मानाने सोबत नेतात. त्याच्या माघारी जाणं म्हणजे चुगली. चुगलखोराच्या मांडीला मांडी लावून कोणी जेवत नाही.

"एस्टीत खिडकीजवळ बसवतो साहेबाले," पत्रू म्हणाला. "पण त्याच्या मांगं नाई जात. त्यापेक्षा जेल बरी."

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तो म्हणते, तुमीबी चला."

शिपाई खो खो हसले. साहेब मात्र हसले नाहीत. वामनरावाकडून ती रीत समजून घेतली, मग म्हणाले, "त्याला सांगा, मला जाता येत नाही. पण मी काय ऐकलं आणि असा निकाल का दिला, ते सगळं लिहून माझ्या सहीनिशी चंद्रपूरला जातं. तिथे आधी माझं वाचतात, मग त्याचं ऐकतात."

वामनरावाने सांगितलं. पत्रूने विचार केला. "आन् साहेबाले राग नाई येनार?" वामनरावाने तेही विचारलं.

"नाही येणार," साहेब म्हणाले. पत्रूने अपिलाच्या कागदावर अंगठा उठवला आणि रोवणीला घरी गेला.

दिवाळीनंतर अपिलात पत्रू सुटला. चौथ्या दिवशी तो कोर्टाच्या पायरीवर हजर, काखेत तांबडा कोंबडा.

"अबे, लाच देतं का?" वामनराव ओरडला.

"लाच नाई, भाऊ. साहेब हरला ना. हरलेल्या पंचाले जेवू घालाव लागते. नाईतर मंग तो निकाल द्याले भेते."

वामनरावाने आत जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. साहेबांसमोर चंद्रपूरच्या निकालाची प्रत पडली होती आणि सकाळचा चहा तसाच गार झाला होता. कोंबडा घेता येत नाही म्हणाले, आणि तो पत्रूच्या काखेतूनच आल्या एस्टीने परत गेला. गार चहा मात्र ते सगळा प्याले.

तेव्हापासून साहेब शिक्षा सुनावली की तीस दिवसांचं सांगायचे, आणि वर कायद्यात नसलेलं एक वाक्य जोडायचे, "मला राग येणार नाही." वामनराव गोंडीत आधी ते वाक्य सांगायचा, मग तीस दिवसांचं.