उत्तर विभागाचा शेवटचा चॅम्पियन

बुलडोझर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कुस्तीचे खेळ चालायचे त्या काळात पोस्टरवर तेच छापलं जाई, आणि बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारी. बायको जाऊन आता बराच काळ लोटला होता. तो जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवून पोट भरत होता. उत्तर विभागाच्या चॅम्पियनचा पट्टा पलंगाखाली पडून होता.

त्या खेळात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असायचं. मार मात्र खरा लागायचा. पट्टा आधी एका खाटकाकडे होता, मग एका दाढीवाल्या ट्रकड्रायव्हरकडे, मग बुलडोझरकडे आला. त्याच्याकडून तो मास्तरकडे जायचा होता. मास्तर म्हणजे चष्मा लावून, छडी घेऊन रिंगमध्ये उतरणारा काटकुळा गडी. वर्षानुवर्षं त्याने सगळ्यांचा मार खाल्ला होता. एकदाची त्याची पाळी आली, आणि खेळाच्या आदल्या दिवशी कंपनीच्या मालकाच्या छातीत कळ आली ती शेवटचीच. कंपनी बंद पडली. खेळ व्हायचे त्या हॉलमध्ये फर्निचरचं दुकान आलं. पट्टा मागायला कुणीच फिरकलं नाही.

एके दिवशी कुणा हौशी माणसाचा फोन आला. तो जुन्या कुस्त्यांचा इतिहास जमवत होता.

“तुमच्यानंतर चॅम्पियन कोण झालं?”

“कुणीच नाही.”

“म्हणजे अजून तुम्हीच? वा! अभिनंदन!”

फोन ठेवल्यावर ते अभिनंदन बुलडोझरला टोचू लागलं. मास्तरच्या हक्काचं आपण दाबून बसलोय, असं त्याला वाटत राहिलं. शेवटी त्याने पट्टा पिशवीत घातला, चार जुन्या ओळखीच्यांकडे चौकशी केली, आणि बस पकडून मास्तरच्या लाँड्रीवर जाऊन थडकला.

मास्तर इस्त्री करत होता. टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं.

“हे धूड अजून आहे होय?” पट्टा बघून तो म्हणाला.

“तुझा आहे. घे.”

“असा? हातात?” मास्तरने इस्त्री उभी केली. “एवढा मार खाल्ला तो काय पार्सल घ्यायला? जिंकून घेणार!”

“अहो, गुडघा नवा बसवलाय तुमचा,” आतून त्याची बायको ओरडली. “काही लाजबीज?”

“म्हणून तर हा आपणहून पडणार आहे.”

मागच्या खोलीत हॉटेलच्या मळक्या चादरींचा ढीग होता. बुलडोझर त्यावर उताणा झाला. मास्तर कण्हत कुंथत शेजारी बसला आणि त्याने बुलडोझरच्या छातीवर हात ठेवला. मास्तरच्या बायकोने ओले हात पुसले आणि पंच होऊन, तीन मोजायला, फळीवर थाप मारली. एक. दोन. दोनला बुलडोझरचा खांदा सवयीने वर उचलला गेला.

“ए, नीट हर की!” मास्तर खेकसला.

पुन्हा एक, दोन, तीन. झालं. मास्तरने दोन्ही हात वर केले, बायकोने टाळ्या वाजवल्या. बुलडोझर मात्र उठेना.

“लागलं का रे?”

“नाही. थांब जरा.”

स्वतःची बायको गेल्यापासून त्याच्या छातीवर कुणी हात ठेवला नव्हता. मास्तरने उचललेला हात अजून तिथेच असल्यासारखा त्याला जाणवत होता.

“भाऊजी, चहा टाकलाय,” मास्तरची बायको हळूच म्हणाली.

चहा संपेपर्यंत गिऱ्हाइकं आली. मास्तर बनियनवर पट्टा बांधून त्यांचे कपडे घेऊ लागला. निघायची वेळ झाली तरी बुलडोझर कप हातात धरून उभाच.

“हरणाऱ्याला पुन्हा लढायची संधी मिळायची,” तो कसाबसा म्हणाला.

“मिळेल की. कधी?”

“कधीही.”

मास्तरच्या बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. “रविवारी या. दुकान बंद असतं. जेवायलाच या.”

“बरं,” तो म्हणाला, आणि मागच्या गिऱ्हाइकाला वाट देऊन बाहेर पडला.

बसमध्ये रिकामी पिशवी घडी घालून त्याने मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने शेजारच्या माणसाला विचारलं, “आज वार कोणता हो?”

“सोमवार.”

“अरे देवा,” बुलडोझर म्हणाला.