बांबूच्या बेटामागे

मनवाला बघायला शिर्डीची मंडळी येणार म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो कुणीच ओठांवर आणत नव्हतं. गंधारचं काय करायचं? शामकांतअण्णा सकाळपासून बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या सरळ करत होते, सरळ असलेल्याही. शेवटी त्यांनी घसा खाकरला. पण ते काही बोलायच्या आत त्यांचा मुलगा अनिमेषच म्हणाला, "मी गंधारला घेऊन बागेत जातो. ते लोक गेले की फोन करा."

अण्णा चटकन "बरं" म्हणाले. जरा जास्तच चटकन. मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण लगेच त्यांनी "टोपी घाल हो त्याला, ऊन आहे" अशी पुस्ती जोडली.

गंधार हा अनिमेषचा मुलगा, आठ वर्षांचा, स्वमग्न. डॉक्टरांनी तो शब्द सांगून बरीच वर्षं झाली होती, पण अनिमेषला तो अजून चारचौघांत उच्चारता येत नसे. कुणी विचारलंच तर "जरा उशिरा बोलतोय" म्हणून तो वेळ मारून न्यायचा. गंधारला मोजके शब्द येत. आनंद झाला की तो दोन्ही हात फडफडवून असा काही चीत्कार करायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. आणि काही हवं असलं की तो जवळच्या माणसाचा हात उचलून त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. तहान लागली की आईचा हात माठावर, पंखा हवा असला की आजोबांचा हात बटणावर. शब्दांपेक्षा त्याचा हातावर विश्वास जास्त.

गेल्या वर्षी असंच एक स्थळ आलं होतं. गंधार मधेच बाहेर आला आणि मुलाच्या आईच्या बांगड्या गोल गोल फिरवत बसला. बाईंनी हसतमुखाने पोहे संपवले आणि निघताना हळूच विचारलं, "हे जन्मापासूनच का हो? घरात आणखी कुणाला?" नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळली म्हणूनच तर ती मंडळी पोहे खायला आली होती. पण असल्या गोष्टी कोण बोलून दाखवतो? तेव्हापासून घरात बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला की अनिमेषला आपणच काही गुन्हा केल्यासारखं वाटायचं.

त्याची बायको अंबिका स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. नवऱ्याचं बोलणं तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. कांदा चिरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी का म्हणून कुणी विचारत नाही, ते त्या दिवशी तिच्या पथ्यावर पडलं. तिने उठून गंधारला त्याचा आवडता पिवळा शर्ट घातला, भांग पाडला, पावडर लावली. पाहुणे जणू त्यालाच बघायला येणार होते.

एकट्या मनवाने विचारलं, "कुठल्या बागेत, दादा?"

"डोंगराजवळच्या. वनखात्याच्या."

"म्हणजे कारंज्यापाशीच असाल?"

"त्याला दुसरं काय सुचतंय!"

मनवा नुसती हसली आणि साडीच्या निऱ्या करायला आत गेली. तिने एवढं खोदून का विचारलं, हे अनिमेषच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा लवकर निघायचं एवढंच होतं.

नगरपासून थोडं बाहेर, गर्भगिरीच्या पायथ्याशी ती बाग होती. कडुनिंबाची आणि आपट्याची झाडं, सिमेंटचा एक मोर, घसरगुंडी, बांबूचं दाट बेट आणि मधोमध कारंजं. कारंज्यावर एक चकती फिरायची आणि पाणी चहूकडे उडवायची. गंधारने ती पाहिली आणि चीत्कार केला. पाथर्डीकडचं एक कुटुंब झाडाखाली डबे सोडून बसलं होतं, त्यांनी माना वळवल्या. अनिमेष नेहमीप्रमाणे जरा लांबच्या बाकावर जाऊन बसला. पोरगं पडलं तर धावता येईल इतकं जवळ, आणि हा कुणाचा असं कुणाला लगेच कळणार नाही इतकं लांब. ते अंतर त्याला बरोबर साधलं होतं, आणि साधलं होतं याची लाजही त्याला होती. पण लाज वाटते म्हणून माणूस जागा थोडीच बदलतो.

गंधार मजेत होता. फिरत्या चकतीबरोबर मान फिरवत होता, अंगावर पाणी आलं की खिदळत होता. अनिमेषच्या मनात आलं, बरंच झालं की इथे आलो. घरी बिचाऱ्याला आतल्या खोलीत कोंडावं लागलं असतं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला शब्द कमी पडत नाहीत.

तेवढ्यात फाटकाशी एक स्कूटर थांबली आणि तिच्यावरून मनवा उतरली. आमसुली साडी, केसांत गजरा. तिच्याबरोबर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण होता. फोटो पाहिलेला असल्यामुळे अनिमेषने त्याला लगेच ओळखलं. शिर्डीचा मुलगा, अमृत. आजकाल मुलामुलीला मोकळं बोलू द्या म्हणून बाहेर पाठवतात खरं, पण सगळं नगर सोडून यांना हीच बाग सापडावी? अनिमेष धावला, त्याने गंधारला बखोटीला धरलं आणि जवळजवळ फरफटत बांबूच्या बेटामागे नेलं.

गंधारला आत्या दिसली होती. त्याचा चेहरा उजळला, हात फडफडले. "मनू!" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि अनिमेषने त्यावर हात दाबला.

गंधार चावला नाही, ओरडला नाही, त्याने पायही झाडले नाहीत. तो एकदम गप्प झाला आणि वर बापाकडे बघत राहिला. त्याचा गरम श्वास अनिमेषच्या तळहातावर येत होता.

मनवा आणि अमृत सरळ कारंज्याशी आले. मनवा इकडेतिकडे बघू लागली. अमृतच्या हातात काहीतरी रंगीत होतं. अनिमेषने बांबूच्या फटीतून निरखून पाहिलं. ती कागदाची भिंगरी होती. नवरी बघायला आलेला एवढा मोठा बाप्या हातात भिंगरी घेऊन का हिंडतोय?

"गंधाऽऽर!" मनवाने हाक मारली. "दादा! अरे, कुठे आहात?"

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ती चुकून आली नव्हती, गंधारलाच भेटवायला अमृतला घेऊन आली होती. तिने त्याला सगळं आधीच सांगितलेलं होतं आणि तो भिंगरी घेऊन आला होता.

त्याच क्षणी अनिमेषने हात काढला असता आणि बाहेर आला असता तर सगळं निभावलं असतं. पण बाहेर येऊन सांगायचं काय? बांबूआड उकिडवा बसलोय, पोटच्या पोराचं तोंड दाबून? त्याची मान लाजेने इतकी खाली गेली की उठायचं बळच राहिलं नाही. खिशात फोन थरथरला. मनवाचाच. त्याने दुसऱ्या हाताने तो बंद केला.

"अवो, त्वांड सोडा की लेकराचं!" मागून आवाज आला. डबे सोडून बसलेल्यांतली म्हातारी उठून तिथवर आली होती. "जीव गुदमरंल त्याचा. तुमचंच हाय न्हवं पोरगं?"

"माझंच आहे," अनिमेष म्हणाला.

पण कुजबुजत म्हणाला, मनवाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

"लपाछपी खेळतोय आम्ही," तो म्हणाला.

"आसला कसला ख्योळ?" असं म्हणून ती गेली, पण जाऊन बसली ती त्यांच्याकडे तोंड करूनच.

मनवाने आणखी दोन हाका मारल्या. अमृत घसरगुंडीमागे वाकून बघून आला, सिमेंटच्या मोरामागेही बघून आला. मग दोघं थोडा वेळ कारंज्याच्या कट्ट्यावर बसली आणि उठून गेली. स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर अनिमेषने हात काढला. गंधारच्या गालावर त्याच्या बोटांचे वळ उमटले होते. त्याने ते चोळले, तोंड धुवायला नेलं, भेळ घेऊन दिली. गंधारने भेळ खाल्ली नाही आणि कारंज्याकडेही पाहिलं नाही.

थोड्या वेळाने त्याने फोन चालू केला, तर लगेच अंबिकेचाच आला. "अरे, होतास कुठे? मनवा तुम्हाला शोधून परत आली. लवकर ये, सगळे थांबलेत."

"टेकडीवर गेलो होतो. तिथे रेंज नसते," अनिमेष म्हणाला.

घरी बाहेरची खोली माणसांनी भरली होती. अमृतचे आईवडील सोफ्यावर, अण्णा समोरच्या खुर्चीत. अण्णांचा चेहरा पार बदलला होता, कित्येक दिवसांत ते असे मोकळे बसलेले दिसले नव्हते. अमृतची आई म्हणाली, "या, या. मनवाने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं आम्हाला, आधी माझ्या भाच्याला भेटा, मगच होय-नाही सांगा. म्हटलं, बघू तरी हा एवढा लाडका कोण ते!"

"तुला मुद्दाम सांगितलं नाही, दादा," मनवा म्हणाली. "सांगितलं असतं तर तू त्या बागेत गेलाच नसतास."

अनिमेष हसला. ते हसणं कसं दिसलं, ते त्यालाच माहीत. वर पुन्हा म्हणाला, "टेकडीवर होतो गं आम्ही. मोर बघायला गेलो होतो."

अमृत उठला आणि गंधारसमोर उकिडवा बसला. त्याने फुंकर मारली, भिंगरी गरगर फिरली. आता हा चीत्कारणार म्हणून अंबिका हसत पुढे झाली.

गंधारने भिंगरीकडे पाहिलं, अमृतकडे पाहिलं, मग आत्याकडे. त्याचे हात फडफडायला उचलले गेले, पण तसेच थांबले. त्याने वळून बाबांचा उजवा हात उचलला आणि नीट आपल्या तोंडावर नेऊन ठेवला.

"लाजतोय हो!" अमृतची आई म्हणाली.

कुणी हसलं नाही. गंधार काय करतो आणि का करतो, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अंबिकेची नजर मुलाच्या गालावर गेली, तिथून नवऱ्याच्या बोटांवर आली, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. अण्णांनी मान खाली घातली.

"टेकडीवर होतात ना, दादा?" मनवाने विचारलं.

अनिमेषला हात काढून घ्यायचा होता, पण गंधारने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.