मशीनचा एक वाटा

मी फळा बोलतोय. या अख्ख्या गल्लीत माझ्याइतका गणिताचा पक्का कुणी नाही! बरं, खरं सांगतो, मला साधी बेरीजही येत नाही. लोक हिशेब करतात आणि मी नुसता छाती काढून उभा राहतो.

शिक्षण अर्धवटच. शाळेत गुणोत्तराच्या धड्यापर्यंत कसाबसा पोचलो आणि पोरांच्या चेंडूनं माझा कोपरा उडवला. गुरुजींनी मला अडगळीत टाकलं. तिथून ताईनं उचललं आणि आपल्या कारखान्यात टांगलं. इथे खुर्च्यांच्या गाद्या शिवतात. माझी एक खोड मात्र गेली नाही. माझ्यावरचं पुसलेलं पुरतं जात नाही. पुसणाऱ्याची फजिती बघायला मला भारी मजा येते.

इथल्या वाटणीची रीत ऐका. ताईचे तीन भाग, तिच्या धाकट्या भावाचे दोन आणि शिलाई मशीनचा एक. हो, मशीनचा! सुया, तेल, दुरुस्ती सगळं त्यातूनच.

आज नाट्यगृहाच्या खुर्च्यांचे चोवीस हजार आले. भाग सहा, म्हणजे भागाला चार हजार. ताईला बारा, भावाला आठ, मशीनला चार. दुरुस्त केलेलं मशीन खांद्यावर घेऊन मिस्त्री दारातच उभा.

"चार हजार हातात पडले, तरच हे खाली ठेवीन," त्यानं बजावलं.

भावाला हवे होते साडेनऊ हजार. संध्याकाळपर्यंत भाड्याच्या खोलीची अनामत भरली नाही तर खोली जाणार, आणि बायकोनं तर सांगूनच टाकलेलं, खोली नाही तर मी माहेरीच बरी. त्यानं माझ्यावर लिहिलेला मशीनचा एकचा आकडा बाहीनं पुसला.

"आता भाग पाच. तुला चौदा हजार चारशे, मला नऊ हजार सहाशे. चोख!"

लिहिताना मी खडू असा किंचाळवला की मिस्त्रीचे दात आंबले. पण हसलं कुणीच नाही.

"आणि मशीन?" ताईनं विचारलं.

"मशीन काय आपली आत्या लागते, तिला वाटा द्यायला? तुझेही वाढलेत की ताई, त्यातून दे ना मिस्त्रीला!"

"ताई, मी निघू का?" मिस्त्री एक पाऊल मागे सरकला.

माझ्यावर तो पुसलेला एकचा आकडा फिकट दिसत होता, तिकडेच ताईची नजर. मी लाकडाचा, तरी मला घाम फुटला.

मग तिनं नोटा मोजल्या. नऊ हजार सहाशे भावाच्या हातावर ठेवले, आपल्यातले चार हजार मिस्त्रीला दिले. मशीन खाली उतरलं. भाऊ सुटल्यासारखा हसला.

"बघ, जमलं की नाही?"

"जमलं ना. मशीन आता माझ्या एकटीचं. पाचातले दोन भाग गाद्या तू उद्यापासून हातानं शिवायच्या. सुई बारीक देऊ की जाड?"