टाकीच्या तोंडाशी

की-ओकने कमरेच्या पट्ट्याचा आकडा कठड्याला अडकवला आणि दोनदा हिसका देऊन पाहिला.

आर्गॉनला वास नसतो.

कारखान्याचा पाया खणताना मांडलेल्या पूजेतलं डुकराचं मुंडकं हसरं होतं. हसरं मिळालं की काम सुरळीत पार पडतं, असं मुकादम म्हणाला होता.

किनाऱ्यावरच्या एका गावात एका बाईला सगळे 'उभी' म्हणत. तिचं खरं नाव वेगळं होतं.

आतून दोन ठोके. बाहेरून दोन ठोके.

आतले ठोके दोक-सूचे होते, की-ओकच्या नवऱ्याचे. इक्सान शहराजवळच्या या नव्या सोया सॉसच्या कारखान्यात तो पोलादी टाक्यांच्या आत उतरून नळ्या जोडायचा आणि ती टाकीच्या तोंडाशी पहारा करायची. आत माणूस असेपर्यंत बाहेर एकाने थांबलंच पाहिजे, असा नियम. त्यांची कंपनी तेवढीच होती. आत एक, बाहेर एक. कंपनीचं नाव व्हॅनच्या दारावर, तेही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचं दार भंगारातून आणलेलं.

वेल्डिंगचा सांधा आतून काळा पडू नये म्हणून नळीत आर्गॉन वायू सोडतात. खाण्याच्या जिनसांच्या कारखान्यात सांधा आरशासारखा लागतो. नळीतून निसटलेला वायू टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो, त्यात माणूस गुदमरतो, फक्त तो दिसत नाही. म्हणून हवा आत फेकणारा ब्लोअर, म्हणून बाहेरच्याच्या छातीवर वायुमापक, त्याची नळी टाकीत सोडलेली. ठोके मात्र नियमात नव्हते. ते दोक-सूने काढलेले. वेल्डिंग थांबलं की दोन ठोके द्यायचे, म्हणजे मी आहे. तिने दोन द्यायचे, म्हणजे मीही आहे.

"झालं का तुमचं टकटक?" पलीकडच्या टाकीवरून मे-जा म्हणाली. तीही पहारेकरीण, साठीला टेकलेली, हेल्मेटखाली फुलाफुलांचा रुमाल बांधणारी. "घरी तरी एवढं बोलता का गं?"

"घरी ते टीव्हीशी बोलतात."

"नवरा आत, बायको बाहेर. मला असं काम मिळालं असतं ना, तर झाकण लावून सरळ बाजारात गेले असते." मग तिचं लक्ष आकड्याकडे गेलं. "आणि हे काय? बकरीसारखं बांधून घेतलंयस ते?"

"असू दे."

"कमरेएवढ्या चौथऱ्यावरून कुणी पडतं का?"

की-ओकने शिट्टी ओठांत धरली, काढली, पुन्हा धरली. सकाळपासून तिचा एक पाय सारखा हलत होता. तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

"आज आहे ना तुमची परीक्षा?" मे-जाने आवाज उतरवला.

"आज. कधी ते सांगत नाहीत."

ठेकेदाराचं सुरक्षा प्रमाणपत्र नसेल तर या सॉसवाल्या कंपनीच्या कुठल्याच बांधकामावर यापुढे पाय ठेवता येणार नव्हता. कागदपत्रं, वायुमापकाची तपासणी, लेखी परीक्षा, सगळं झालं होतं. अडलं होतं ते शेवटच्या पायरीवर. काम चालू असताना आतला माणूस अचानक पडतो. खरंच पडलाय की पडायला सांगितलंय, हे बाहेरच्याला कळत नाही. बाहेरचा काय करतो, एवढंच बघायचं. शिट्टी वाजवायची, वॉकीवरून कळवायचं, ब्लोअर पूर्ण सोडायचा. आणि आत उतरायचं नाही. पाठीवर हवेचे सिलिंडर घेतलेली माणसं येईपर्यंत थांबायचं.

मागच्या महिन्यात की-ओकने शिट्टी वाजवली होती, वॉकीवर कळवलं होतं, ब्लोअर सोडला होता.

"मावशी, तुमचा पाय शिडीवर होता," सेफ्टी ऑफिसर प्यो तेव्हा म्हणाला होता. तिशीतला, कायम घसा बसलेला माणूस.

"एकच होता."

"दुसरा त्याच्या मागूनच जातो, मावशी."

नापास. आणखी एकच संधी होती. ती गेली की व्हॅनच्या दारावरचं नाव पुसून टाकायचं.

त्या रात्री दोक-सू तिच्यावर ओरडला नव्हता. त्याने उगीच दोनदा दात घासले आणि झोपून गेला.

*

की-ओकचं गाव मासळीच्या सॉसचं. काँक्रीटच्या खोल टाक्यांमध्ये मासळी आणि मीठ. एका उन्हाळ्यात रिकामी टाकी धुवायला तिचा काका उतरला, आत साचलेल्या वायूत कोसळला आणि वर आला नाही. त्याला काढायला तिचे वडील उतरले. तेही आले नाहीत. टाकीच्या तोंडाशी तिची आई होती. ती ओरडत राहिली, पण उतरली नाही. लोक आले तेव्हा ती तिथेच उभी होती.

तेव्हा की-ओकला दातही आले नव्हते. तिला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. विहिरीवर, बाजारात, शाळेच्या फाटकाशी. "उभीची पोर." नवऱ्याला मरताना बघत उभी राहिली, असं आजी पाहुण्यांना सांगायची, आई त्यांना चहा देत असताना.

सोळाव्या वर्षी की-ओकने विचारलं होतं, "तू का नाही उतरलीस?"

आई सुक्या मासळीची डोकी खुडत बसली होती. तिने पुढची मासळी उचलली, डोकं एका वाडग्यात टाकलं, धड दुसऱ्यात. मग त्याच्या पुढची.

*

वेल्डिंगचा निळा उजेड टाकीच्या तोंडातून थरथरत वर येत होता. तो थांबला.

की-ओकने ठोक्यांची वाट पाहिली.

तिने स्वतःच दोन ठोके दिले. पोलाद घुमलं आणि गप्प झालं. पुन्हा दोन.

"अहो."

ती वाकली. खाली दिव्याच्या उजेडात नळ्यांची सावली, सावलीच्या टोकाला एक बूट. तळवा वर आलेला. मापकाची नळी टाकीच्या मध्यावर लोंबत होती आणि मापक म्हणत होता, हवा ठीक आहे. पण बूट कोपऱ्यातल्या खोलगट जागेत होता, आणि नळी तिथवर पोचत नव्हती.

परीक्षा असेल.

प्यो कुठेही दिसत नव्हता. मागच्या वेळी तो समोर उभा होता.

तिचा गुडघा कधी पुढे गेला, तिला कळलं नाही. कमरेला हिसका बसला तेव्हा कळलं. पट्टा ताणला गेला होता. बोटं आपोआप मागे आकड्यावर गेली. अंगठ्याने खटका दाबला की सुटतो. अंगठा खटक्यावर होता.

खालचा बूट हलला नाही.

शिट्टी तिच्या तोंडातच होती. तिने ती फुंकली. दम संपेपर्यंत फुंकली, श्वास घेतला, पुन्हा फुंकली. मग वॉकी. "चार नंबरची टाकी, माणूस पडलाय, उत्तर देत नाही." आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. ब्लोअरची मूठ तिने पूर्ण फिरवली. मे-जाला आपली टाकी सोडता येत नव्हती. ती तिथूनच हाका मारत होती, "की-ओक, थांब हं. थांब गं बाई. आले, ते आले."

की-ओक थांबली. अंगठा अजून खटक्यावर. टाकीत वाकून ती नवऱ्याला नावाने हाक मारत राहिली, जे तिने लग्नापासून कधी केलं नव्हतं.

सिलिंडरवाले आले. टाकीच्या तोंडावर तीन पायांचा सांगाडा उभा राहिला, दोर खाली गेला, चाक फिरू लागलं. दोक-सूचं हेल्मेट वर आलं, मग तोंड. डोळे मिटलेले. चौथऱ्यावर ठेवल्यावर त्याने एक डोळा उघडला आणि पहिल्यांदा तिच्या पायांकडे पाहिलं.

पत्र्याच्या कुंपणामागून प्यो आला. त्याने आकडा निरखला. "हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"नियमात नाही हे."

"चालतं का?"

प्योने घसा खाकरला. "चालतं. पास, मावशी."

आपल्या टाकीतला माणूस वर आल्यावर आकडा सोडवायला मे-जाला यावं लागलं. की-ओकचा अंगठा वाकत नव्हता.

*

जेवणाच्या शेडमध्ये दोघं समोरासमोर बसली. भात, मुळ्याचं सूप, भाजलेला बांगडा. दोक-सूने सूप ढवळलं आणि तसंच ठेवलं.

"प्योने कानातल्या यंत्रात सांगितलं, आता पडा. पडलो. तळ थंड होता."

"हं."

"वाट बघत होतो."

"कशाची?"

"शिट्टीची." त्याने सुपाची वाटी बाजूला सरकवली. "आणि पायाची. शिडीवर बूट वाजतो ना, त्याची."

की-ओकने भाताचा घास घेतला.

"नाही वाजला," दोक-सू म्हणाला.

"वाजायला हवा होता?"

"छे. बरं झालं की." तो हसला. बांगड्याचा पोटाकडचा, बिनकाट्याचा तुकडा त्याने चॉपस्टिकने सोडवला आणि तिच्या भातावर ठेवला. तुकडा घसरला, त्याने तो पुन्हा उचलून ठेवला. "बरंच झालं," तो परत म्हणाला. तिच्याकडे न बघता.

तिने तुकडा खाल्ला. मग फोन घेऊन ती शेडच्या मागे गेली.

आई किनाऱ्याकडच्या वृद्धाश्रमात असते. की-ओक सणावाराला फोन करते, पैसे पोचले का विचारते, ठेवते.

"जेवलीस का?" आईने उचलताच विचारलं. मग तिचा आवाज बदलला. "भर दुपारी कसा फोन? जावईबापूंना काही झालं का?"

"नाही. ते जेवतायत. आम्ही पास झालो."

"कशात?"

की-ओकने भिंतीच्या पत्र्यावर नखाने एक रेघ ओढली. "टाकीच्या तोंडाशी उभं राहण्यात."

पलीकडे टीव्हीवर कुणीतरी गाणं म्हणत होतं. मग तो आवाज कमी झाला. आईने रिमोट शोधला असावा.

"पाय दुखत असतील तुझे," आई म्हणाली.

की-ओकला काहीतरी विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं. शेडमधून मे-जा ओरडत होती की पास झालेल्यांनी कॉफी पाजायची असते, आणि पळून गेलेल्यांनी दोनदा.

"दुखतायत," ती म्हणाली.

"गरम पाण्यात ठेव."

"ठेवते."

दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

काका आणि वडील टाकीत उतरले त्या दुपारी, आई तोंडाशी उभी होती तेव्हा, की-ओक तिच्या पाठीला बांधलेली होती.