बबिताची उसण

‘धुरपते, पाय धूऊन ये गं.’

चाळीसेक वर्षांपूर्वीचा तो आवाज धुरपताबाईच्या कानात अजून ओला होता. दारात कुणी कंबर धरून, कुणी कूस दाबून वाकडा उभा असायचा आणि याडी, तिची आई, चुलीपुढूनच हाक द्यायची. लहानगी धुरपता खेळ टाकून यायची, डाव्या पायावर तांब्याभर पाणी ओतायची आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर तो पाय टेकवायची. पोरगी पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आलेली. अशा माणसाचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, हे तांड्यात कुणाला शिकवावं लागत नसे.

आज ओसरीवरच्या चटईत तिची स्वतःची लेक पालथी पडली होती.

‘लाव ना याडी. कायची वाट पाहून राह्यली?’ बबिता चटईत तोंड खुपसून म्हणाली.

धुरपताबाईने धुतलेला पाय उचलला. ओठ आपोआप हलले.

‘जाय उसणी जाय, नदीपार जाय,
लेकराच्या पाठीवर पायाळूचा पाय.’

पाय टेकला आणि बबिताच्या पाठीवरून पाण्यावरच्या लहरीसारखी एक थरथर गेली. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

‘दुखते काय वं?’

‘नाही. हलकं वाटते आता.’

हे खोटं धुरपताबाईच्या तळव्याला कळलं.

बबिता पोलीस भरतीची तयारी करत होती. उजाडायच्या आत लोहाऱ्याच्या रस्त्याने धावत जायची आणि एमआयडीसीलगतच्या टिनाच्या शेडात सलीलची जिम होती, तिथे लोखंड उचलायची. धावण्यात तिला कुणी धरत नसे. गोळा तेवढा वीतभर अलीकडे पडायचा. मागच्या भरतीत ती त्या वीतभरानेच मागे राहिली होती. म्हणून छातीत, दंडात जोर यावा यासाठी तिने रोज बाकड्यावर उताणं पडून वजनाचा दांडा वर ढकलायला सुरुवात केली होती. यंदा नाही झालं तर लग्न, हे बापाने, खेमसिंगने, सांगून ठेवलेलं होतं. आणि आदल्या दिवशी ती जिममधून आली ती उजवी कूस धरून. पाण्याचा ड्रम सरकवताना उसण भरली म्हणाली.

शेजारची शकुबाई ओसरीवर आली. चटईकडे पाहून म्हणाली, ‘काय वं धुरपता, पोलिसाच्या अंगावर पाय देऊन राह्यली? उद्या केस करन थे तुह्यावर.’

बबिताला हसू आलं आणि अर्ध्यातच अडकलं. तिने हात बरगडीवर दाबला, चेहरा राखेसारखा झाला.

‘हसाले बी टॅक्स लागते का वं तुह्या घरी?’ शकुबाई म्हणाली. पण तिचाही आवाज उतरला होता.

दोरीची खाट विणत बसलेला खेमसिंग मान वर न करता म्हणाला, ‘एका टायमानं काय होते? उद्या सकाळी पुन्हा लाव. माह्या पाठीले बी दोनदा लावला होता.’

सकाळी धुरपताबाई उठली तर बबिता भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपलेली. आई तिच्याजवळ जाऊन श्वास ऐकत राहिली. श्वास उंबरठ्यापर्यंत यायचा आणि आत न जाता परतायचा. जात्यात दाणा अडकावा तसा. शिंकेने जाग आली तशी बबिताने दोन्ही हातांनी नाक दाबून ती गिळली, डोळ्यांत पाणी आलं. उसण अशी नसते. उसणीत माणूस कण्हतो, शिव्या देतो. शिंक गिळत नाही.

ऊन ओसरीवर आलं तसा सलील मोटरसायकलवर आला. बबिताचे जिममध्ये राहिलेले बूट घेऊन आला होता.

‘काकू, डॉक्टरांनी काय सांगितलं?’ गाडीवरूनच त्याने विचारलं.

‘कायचा डॉक्टर?’

सलील खाली उतरला. ‘तिनं सांगितलं नाही? परवा मी बाहेर फोनवर होतो, तेवढ्यात हिनं मनानंच वजन वाढवलं. दांडा सुटून छातीवर आला. मी तेव्हाच म्हटलं, दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढ. नुसता स्नायू ताणला असला तर आरामानं बरं होते, काकू. पण बरगडी तडकली असली आणि हाड आत सरकलं, तर फुप्फुसाला टोचते. तिथं कोणाला दाबू मात्र देऊ नका.’

धुरपताबाईने डावा पाय हळूच उजव्याच्या मागे घेतला.

ती आत गेली. बबिताने सगळं ऐकलं होतं.

‘मले म्हणाली, ड्रम सरकवला.’

‘डॉक्टर घरी बसवन, याडी. ग्राउंड तोंडावर आलं. पुढची भरती कधी निघन कोणाले मालूम? तवापर्यंत बापू मले देऊन टाकन कोणाच्या घरी.’ एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. मग ती हात टेकत टेकत चटईवर पालथी झाली. ‘तू लाव. आज जोरानं लाव. पुऱ्या तांड्याच्या उसणी तुह्या पायानं गेल्या, माहीच काहून नाही जाणार?’

धुरपताबाईने सवयीने तांब्या उचलला, पायावर पाणी ओतलं, पाय वर उचलला. ‘जाय उसणी जाय, नदीपार जाय,’ इथवर ओठ हलले. पुढचे शब्द येईनात. पाय लेकीच्या पाठीवर अधांतरी थांबला आणि बाजूला, जमिनीवर उतरला.

‘माह्या पायात काही नाही, बबिता.’

‘असं काहून म्हणतं?’

‘मी पायाळू नाही.’

बबिता चटईतूनच म्हणाली, ‘मले दवाखान्यात न्यासाठी बोलून राह्यली तू. मले समजते.’

धुरपताबाईने लेकीच्या पाठीकडे पाहिलं. त्या उथळ श्वासाकडे पाहिलं. पदर डोक्यावर घेतला आणि ती ओसरीवर आली. तिथे खेमसिंग सलीलला चहा देत होता. शकुबाई आपल्या जावयाला घेऊन पायरीवर टेकली होती. जावई कंबर धरून होता.

‘बरी आली वं बाहेर,’ शकुबाई म्हणाली. ‘पाय धू. याले कालपासून सरळ उभं राहता येऊन नाही राह्यलं.’

धुरपताबाई खांबाला धरून उभी राहिली. आत चटईपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलू लागली.

‘शकू, त्याले शेकून दे, दोन दिसात उतरते थे. माह्या पायानं कधीच कोणाचं काही गेलं नाही. पायाळू माही मोठी बहीण होती. लेकरू होती तवाच याडी-बापू तिले घेऊन धरणाच्या कामावर गेलते. कितीक वर्षं इकडे आलेच नाही. तठीच तिले ताप आला, गेली थे. मंग मी झाली, डोक्याकडून, सगळे होतात तशी. तांड्यात परतले तं बाया धावत आल्या. म्हणे, पायाळू पोरगी आली, बारकीच राह्यली वं. याडीले सांगताच नाही आलं का थे पोरगी नाही राह्यली. मरताना मले सांगून गेली. मी कोणाले सांगतलं नाही. यांले बी नाही.’

खेमसिंगच्या हातातली कपबशी तशीच राहिली. आतून बबिताच्या उठण्याची चाहूल आली, भिंतीवरून हात घासत येण्याची.

‘धुरपता तिचंच नाव हाय,’ ती म्हणाली. ‘माहं कोणी ठेवलंच नाही. आता कोणी तरी जीप बोलवा, पोरीची बरगडी मोडली हाय.’