नाभी कुठे बसते

मावशी उद्या बारावीच्या गणिताला तिसऱ्यांदा बसणार होती. याही वेळी विषय उडाला, तर पुस्तकं थेट रद्दीत, असं तिने जाहीरच करून टाकलं होतं. म्हणून तिच्या पार्लरचं शटर भरदुपारी अर्धं खाली आलं होतं आणि भाची स्केचपेन घेऊन आरशावर तुटून पडली होती. वर्गात गणितात पहिली आल्यापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

"हा अपास्त. रुसलेल्या जावांसारख्या पाठीला पाठ लावलेल्या दोन कमानी. आता समीकरण बघ. एक्सचा वर्ग भागिले सोळा, वजा वायचा वर्ग भागिले नऊ, बरोबर एक. नाभी, म्हणजे प्रत्येक कमानीचा ठरलेला बिंदू, काढायच्या? सोळातून नऊ गेले, उरले सात, त्याचं वर्गमूळ. समीकरणात वजा, म्हणून इथेही वजा. आहे काय त्यात!"

"एवढंच? आणि मी वर्षभर डोकं फोडतेय!" मावशीचा चेहरा खुलला. तिने वहीत भराभर तीन-चार गणितं वजाबाकीने उडवलीसुद्धा.

भाची ऐटीत आरशावर नाभींचे ठिपके द्यायला गेली आणि तिचा हात हवेतच राहिला. कमानी मध्यापासून चारवर, म्हणजे सोळाच्या वर्गमुळावर, वळत होत्या. सातचं वर्गमूळ तीनलाही पोचत नव्हतं. म्हणजे ठिपके पडणार दोन कमानींच्या मधल्या ओसाड जागेत! नाभी तर कमानीच्या कुशीत हवी. लंबवर्तुळाचा नियम तिने इथे चिकटवून दिला होता.

सांगावं? मावशी किती दिवसांनी हसली होती. पण नाही सांगितलं, तर उद्या पेपरात...

"मावशे, मी माती खाल्ली. वजा नाही, अधिक."

मावशीने पेन आपटलं. "आत्ता सांगतेस? आधी वजा, मग अधिक. संध्याकाळी गुणिले म्हणशील!"

"ओरड, पण आधी इकडे बघ. नाभी कमानीच्या पोटात बसते. म्हणजे चारच्या पलीकडे. वजाबाकी केली की ती मध्याकडे सरकते. सोळा अधिक नऊ, पंचवीस. वर्गमूळ पाच. आता बसली की नाही?"

मावशीने ओल्या टॉवेलने सगळं पुसलं. "नवीन दे. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

भाचीने सोळा-नऊच्या जागी एकशे चव्वेचाळीस आणि पंचवीस घातले आणि ओठ दाबून धरले. गप्प राहणं जिवावर आलं होतं. मावशीने बेरीज केली, एकशे एकोणसत्तर. वर्गमूळ तेरा. भाचीने तोंड उघडलं.

"थांब गं." मावशीने आधी कमानी काढल्या, वळण बारावर. त्याच्या पलीकडे, बरोबर कुशीत, तेराचा ठिपका दिला. मग वहीतली गणितं खोडून पहिल्यापासून मांडायला घेतली.

"आता बोल. पण चुकले तरच."

सगळी गणितं संपली, तरी भाचीला बोलायला काही मिळालं नाही.